बॅटिंग अ‍ॅव्हरेज की वॉक? बेसबॉलमधल्या एका जुन्या भांडणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेट बघत वाढलेला मराठी माणूस न्यू जर्सीला किंवा टोरंटोला जाऊन राहिला की आज ना उद्या बेसबॉलसमोर बसतोच. मग पहिली शंका हमखास हीच येते: चार चेंडू नुसते सोडून दिले आणि चालत पहिल्या बेसवर गेला (याला वॉक म्हणतात), यात त्याने केलं काय? आणि यासाठी त्याला कोट्यवधी डॉलर? स्ट्राइक, बॉल आणि आउट एवढं ज्यांना कळतं, पण पडद्यावरचे आकडे ज्यांना कोड्यात टाकतात, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. खाली ‘चेंडू’ म्हणजे फेकलेली वस्तू आणि ‘बॉल’ म्हणजे स्ट्राइक झोनच्या बाहेरून गेलेला, बॅटरने बॅट न फिरवलेला चेंडू.

भांडण नेमकं कशाचं आहे?

एक बॅटर बॅट पोचेल त्या चेंडूवर हात उगारतो आणि वर्षाला दोनशे हिट (चेंडू मारून बेस मिळवणं) काढतो. दुसरा आपल्या पसंतीचा चेंडू येईपर्यंत हलत नाही. त्याचे हिट कमी असतात, पण शंभर-सव्वाशे वेळा तो वॉक घेऊन बेसवर पोचतो. पहिल्याचं अ‍ॅव्हरेज डोळ्यात भरतं, दुसऱ्याचं नाही. संघाला दोघांपैकी जास्त उपयोगी कोण, यावर सत्तरेक वर्षं वाद चालू आहे.

माझं मत आधीच सांगतो. बॅटरचं पहिलं काम आउट न होणं, हिट काढणं हे दुसरं. पण ‘वॉक म्हणजेच सगळं’ म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. का, ते पुढे येईल.

दोन्ही आकडे काढतात कसे?

बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट भागिले अ‍ॅट-बॅट. अ‍ॅट-बॅट म्हणजे बॅटिंगची एक खेप. मेख अशी की वॉक मिळाला तर ती खेपच अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. अंगावर चेंडू बसून बेस मिळाला तरी तेच. अ‍ॅव्हरेजच्या हिशेबात त्या वेळी तो बॅटर मैदानात आलाच नव्हता.

ऑन-बेस परसेंटेज, म्हणजे ओबीपी, साधा प्रश्न विचारतो: हा गडी शंभरातून किती वेळा आउट न होता बेसवर पोचला? हिट, वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू यांची बेरीज वर. अ‍ॅट-बॅट, वॉक, अंगावर बसलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय (झेल देऊन आउट होताना रन मिळवून देणारा फटका) यांची बेरीज खाली.

फरक किती पडतो? वॉशिंग्टन सेनेटर्सच्या एडी योस्टला लोक ‘वॉकिंग मॅन’ म्हणायचे. १९५६ मध्ये त्याचं अ‍ॅव्हरेज होतं .२३१, म्हणजे संघातली जागा जाईल की काय असं. पण त्याने १५१ वॉक घेतले आणि ओबीपी झाला .४१२. आता २०२४ चा लुईस अराएझ घ्या. .३१४ अ‍ॅव्हरेज, नॅशनल लीगचं (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) बॅटिंग विजेतेपद, पण वॉक फक्त २४ आणि ओबीपी .३४६. योस्ट जास्त वेळा बेसवर होता, आणि फरक थोडाथोडका नाही.

वॉकला अ‍ॅव्हरेजमध्ये जागा का नाही?

याचं मूळ क्रिकेटमध्ये आहे, म्हणून आपल्याला ते पटकन समजतं. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्लिश, आणि अमेरिकेत आधी क्रिकेटचं वार्तांकन करणारा पत्रकार. वाइडची धाव फलंदाजाच्या नावावर लागत नाही, ती अवांतर जाते. चूक गोलंदाजाची, फलंदाजाने काही केलेलं नाही. चॅडविकने वॉककडे याच नजरेने पाहिलं: हा पिचरचा दोष, बॅटरचं कर्तृत्व नव्हे.

एकदा उलटा प्रयोगही झाला. १८८७ च्या हंगामात वॉक हा हिट धरायचा असं ठरलं. सेंट लुईसच्या टिप ओ’नीलचं अ‍ॅव्हरेज थेट .४९२ झालं. एका वर्षात नियम गुंडाळला. पुढे ओ’नीलच्या आकड्यातून वॉक वजा केले तेव्हा .४३५ उरलं; तेही काही कमी नाही म्हणा. चार बॉलला वॉक हा आजचा नियम १८८९ चा.

चॅडविकची चूक एवढीच की वाइड फलंदाजाने सोडला काय, मारायला गेला काय, तो बहुतेकदा वाइडच राहतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. झोनच्या दोन इंच बाहेरून जाणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवून चुकली की तो स्ट्राइक. म्हणजे तो बॉल ठरवण्यात बॅटरचाही निम्मा वाटा आहे.

वॉकमध्ये एवढं काय ठेवलंय?

नऊ इनिंग, प्रत्येकी तीन आउट, एकूण २७. संघाकडे वेळेची मर्यादा नाही, षटकांची नाही. मर्यादा आहे ती फक्त या २७ आउटची. ते संपेपर्यंत कितीही रन करा. वॉक घेणारा बॅटर त्यातला एकही खर्च करत नाही आणि पुढच्या गड्याला संधी देतो.

हे आज आलेलं शहाणपण नाही. ब्रूकलिन डॉजर्समध्ये असताना ब्रँच रिकीने अ‍ॅलन रॉथ नावाचा आकडेतज्ज्ञ पगारावर ठेवला होता, आणि पुढे १९५४ मध्ये ‘लाइफ’ मासिकात लेख लिहून सांगितलं होतं की अ‍ॅव्हरेजपेक्षा बेसवर पोचण्याचं प्रमाण महत्त्वाचं. लोकांनी वाचलं आणि सोडून दिलं. ओबीपी अधिकृत आकडा व्हायला १९८४ उजाडलं.

म्हणजे वॉक आणि सिंगल सारखेच?

अजिबात नाही. सिंगल म्हणजे एका बेसपुरता हिट. ‘वॉक इज अ‍ॅज गुड अ‍ॅज अ हिट’ हे मैदानावर ओरडायला बरं. हिशेब करणारे सरासरी काढतात तेव्हा वॉकची किंमत साधारण ०.३ रनच्या आसपास येते आणि सिंगलची अर्ध्या रनपेक्षा थोडी कमी. कारण उघड आहे. सिंगलवर दुसऱ्या बेसवरचा गडी घरी (होम प्लेटवर) येतो आणि रन होतो, पहिल्यावरचा कधीकधी थेट तिसऱ्यावर पोचतो. वॉकवर ज्याला मागून ढकललं जातं तोच एक बेस पुढे सरकतो. बेस भरलेले नसतील तर वॉकने रन येत नाही.

दोन्ही एका जागी बघायचे असतील तर २००४ च्या ऑक्टोबरमधला बॉस्टनच्या फेनवे पार्कवरचा सामना बघा. अमेरिकन लीगची अंतिम मालिका, न्यू यॉर्क यँकीज ३-० ने पुढे, चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये ४-३ ने पुढे, आणि पिचर मारियानो रिवेरा, त्या काळी शेवटच्या इनिंगसाठी त्याच्याइतका भरवशाचा माणूस नव्हता. बॉस्टनचा केविन मिलार आला आणि वॉक घेऊन गेला. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो बेस चोरणार हे स्टेडियममध्ये सगळ्यांना माहीत होतं, रिवेराने पहिल्या बेसकडे पुन्हा पुन्हा चेंडू फेकून त्याला अडवायलाही बघितलं. बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स दुसऱ्या बेसकडे सुटला. यँकीजच्या जीटरचा टॅग येण्याआधी जेमतेम हात पोचला. मग बिल म्युलरने रिवेराच्या बाजूने मधोमध सिंगल मारला, रॉबर्ट्स घरी, बरोबरी. बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने सामना संपला. बॉस्टनने ती मालिका फिरवली आणि १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली.

चर्चा कायम रॉबर्ट्सच्या चोरीची होते. माझी नजर तिच्या दोन्ही बाजूंना जाते. आधी मिलारचा वॉक नसता तर चोरायला बेसवर कोणी नव्हतं. आणि नंतर म्युलरनेही वॉकच घेतला असता तर रॉबर्ट्स दुसऱ्या बेसवरच राहिला असता. हा म्युलर २००३ चा अमेरिकन लीगचा अ‍ॅव्हरेज विजेता होता, हे मुद्दाम नोंदवतो.

एकाच वर्षातले दोन टोकाचे बॅटर दाखवता येतील?

तेच वर्ष, २००४. अमेरिकन लीगमध्ये सिएटलच्या इचिरो सुझुकीने २६२ हिट काढले. एका हंगामातला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. अ‍ॅव्हरेज .३७२, वॉक ४९, ओबीपी .४१४. नॅशनल लीगमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बाँड्सचं अ‍ॅव्हरेज .३६२, म्हणजे इचिरोच्या जवळपास. हिट फक्त १३५. पण वॉक २३२, आणि ओबीपी .६०९. दर दहा खेपांत सहा वेळा बेसवर!

दोघेही आपापल्या लीगचे अ‍ॅव्हरेज विजेते. अ‍ॅव्हरेजच्या रकान्यात दोघांत फक्त .०१० चा फरक, तोही इचिरोच्या बाजूने. बाँड्सच्या २३२ पैकी १२० वॉक जाणूनबुजून दिलेले होते, त्यात त्याचा संयम कसला, असं कोणी म्हणेल. बरोबर. पण उरलेले ११२ सुद्धा त्या काळातल्या चांगल्या बॅटरला भूषण वाटावेत असे आहेत. (स्टेरॉइडचं प्रकरण आहेच. पण ज्या चेंडूवर हात उगारायचा नाही तो ओळखण्याचं औषध अजून निघालेलं नाही.)

संयम म्हणजे नुसतं उभं राहणं ना?

इथे बहुतेकांचा घोळ होतो, कित्येक प्रशिक्षकांचासुद्धा. मधोमध आलेला चेंडू बघत राहणारा बॅटर संयमी नव्हे, भित्रा. तो ०-२ वर (बॉल शून्य, स्ट्राइक दोन) जातो आणि मग पिचर त्याला हवं तसं नाचवतो.

बॉस्टनच्या टेड विल्यम्सने ही गोष्ट चेंडू मांडून दाखवली. त्याने स्ट्राइक झोन भरला ७७ चेंडूंनी, सात आडवे, अकरा उभे, आणि प्रत्येक जागी आपलं अ‍ॅव्हरेज किती राहील ते लिहिलं. मधल्या भागात .४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. म्हणजे झोनच्या आतलासुद्धा प्रत्येक चेंडू मारायचा नसतो. एक स्ट्राइक पदरात पडला तरी चालेल, पण.२३० च्या चेंडूवर पहिली संधी घालवायची नाही. दोन स्ट्राइक झाले की मात्र मिळेल ते मारायचं.

म्हणून संयम आणि अ‍ॅव्हरेज हे मुळात एकमेकांचे शत्रू नाहीत. १९४१ मध्ये विल्यम्सने .४०६ अ‍ॅव्हरेज काढलं, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या आजवरच्या आकड्यांत .४०० ला पोचलेला बॅटर दिसत नाही. त्याच वर्षी त्याने १४७ वॉक घेतले, तीन स्ट्राइकवर आउट झाला फक्त २७ वेळा, आणि ओबीपी .५५३. वाईट चेंडू सोडले म्हणूनच ४५६ अ‍ॅट-बॅटमध्ये १८५ हिट निघाले. २-० आणि ३-१ या काउंटवर पिचरला झोनमध्येच टाकावं लागतं, आणि तिथेच चांगल्या बॅटरचं फावतं.

मग वाईट चेंडूंवर हिट काढणारे महान बॅटर कसे झाले?

काही माणसं नियमात बसत नाहीत. व्लादिमीर गेरेरो (थोरला) डोळ्यांच्या उंचीचा चेंडू मारायचा, घोट्याजवळचाही मारायचा, आणि एकदा तर टप्पा पडून आलेल्या चेंडूवर त्याने हिट काढला. कारकिर्दीचं अ‍ॅव्हरेज .३१८, आणि हॉल ऑफ फेममध्ये जागा.

त्याच्या देशात, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, तरुण पोरांना एक वाक्य ऐकवतात: वॉक घेत घेत या बेटावरून कोणी बाहेर पडत नाही. निवड चाचणीला आलेल्या अमेरिकन स्काउटला दाखवायला चार-दोन खेपा मिळतात, त्यात उभा राहिलास तर कोण बघणार? हे अडाणीपण नव्हतं, पोटापाण्याचा सरळ हिशेब होता. गंमत म्हणजे आजचा सगळ्यात काटेकोर डोळ्याचा बॅटर, हुआन सोटो, याच देशातून आला.

सोटोला एवढा पैसा आणि अराएझला नाही, हा अन्याय नाही का?

सोटोने डिसेंबर २०२४ मध्ये न्यू यॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा ७६५ मिलियन डॉलरचा करार केला. आधीच्या हंगामात त्याचं अ‍ॅव्हरेज होतं .२८८. अराएझने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं तीन वेगवेगळ्या संघांकडून अ‍ॅव्हरेजचं विजेतेपद मिळवलं, असं याआधी कोणी केलं नव्हतं. तरीही बाजारात दोघांची तुलना होत नाही.

अन्याय मला वाटत नाही. २०२४ मध्ये सोटोचा ओबीपी .४१९, वॉक १२९, होम रन ४१. अराएझचे २०० हिट, पण बहुतेक सिंगल, होम रन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सोटोच्या खिशात वॉक आहे म्हणून नव्हे, तर त्याला स्ट्राइक टाकला तर चेंडू प्रेक्षकांत जातो म्हणून पिचर बाहेर टाकतो आणि तो सोडतो. ताकद नसलेल्या बॅटरला फार वॉक मिळत नाहीत, कारण त्याला मधोमध टाकायला पिचर घाबरतच नाही. नुसता संयम शिकवून सोटो तयार होत नाही तो यामुळेच.

बघायला मला अराएझ जास्त आवडतो, हेही सांगून टाकतो. २०२४ मध्ये तो अख्ख्या हंगामात स्ट्राइकआउट झाला २९ वेळा. काही बॅटर तेवढे एका महिन्यात होतात.

ओकलंडने २००२ मध्ये वॉकच्या जोरावर जिंकून दाखवलं ना?

अर्धं खरं. जनरल मॅनेजर बिली बीनचा ओकलंड संघ गरीब होता, आणि बाजारात ओबीपीला भाव कमी होता, म्हणून त्यांनी तो विकत घेतला. स्कॉट हॅटेबर्ग हे त्याचं ठरलेलं उदाहरण: कॅचर म्हणून संपलेला, पहिल्या बेसवर आणून उभा केलेला, ओबीपी .३७४. संघाने १०३ सामने जिंकले, त्यात ओळीने २०.

पण त्याच संघात टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तीन पिचर होते आणि झिटोला त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. अमेरिकन लीगचा एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू) मिगेल तेहादा हाही त्यांचाच, आणि तेहादाने वॉक घेतले होते अवघे ३८. म्हणजे वॉकच्या या गाजलेल्या गोष्टीतला सर्वोत्तम बॅटर हात उगारणारा होता! पुढे सगळ्यांना ओबीपीचं महत्त्व कळलं, भाव चढला आणि ओकलंडची सवलत संपली.

रन आणण्यासाठी ठेवलेल्या बॅटरने वॉक घेतला तर संघाचं नुकसान नाही का?

सिनसिनाटीत जोई व्होटोवर वर्षानुवर्षं हाच आरोप झाला. २०१३ मध्ये त्याचे १३५ वॉक, ओबीपी .४३५, आणि आरबीआय (त्याने आणलेले रन) फक्त ७३. “दुसऱ्या बेसवर गडी असताना झोन थोडा मोठा कर की!” असा सूर. विल्यम्सलाही बॉस्टनच्या वर्तमानपत्रांनी हेच ऐकवलं होतं.

या आरोपात तथ्य आहे, पण थोडंच. शेवटची इनिंग, दोन आउट, दुसऱ्या बेसवर बरोबरीचा रन आणि मागचा बॅटर अगदीच कच्चा असेल, तर जरा बाहेरचा चेंडूही मारायला जावं. इतर वेळी बाहेरच्या चेंडूवर निघणारा बहुधा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) असतो, हिट नव्हे. आणि आरबीआय आपल्यापुढचे गडी बेसवर आहेत की नाही यावरही अवलंबून असतात, ते व्होटोच्या हातात कुठे होतं?

लीडऑफ, म्हणजे पहिला, बॅटर कसा असावा?

रिकी हेंडरसनसारखा. अ‍ॅव्हरेज .२७९, ओबीपी .४०१, २१९० वॉक, १४०६ चोरलेले बेस आणि २२९५ रन. शेवटचे दोन आकडे अजून विक्रम आहेत. त्याला वॉक देणं म्हणजे पुष्कळदा डबल (दोन बेसचा हिट) देणंच.

अ‍ॅव्हरेज आता फेकून द्यायचं का?

नको. मात्र त्यातला नशिबाचा भाग ओळखा. कडक मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपच्या ग्लव्हमध्ये गेला तर आउट, बॅटच्या टोकाला लागून दोन फील्डरांच्या मध्ये पडला तर हिट. त्यामुळे एकाच बॅटरचं अ‍ॅव्हरेज एका वर्षी .३१० आणि पुढच्या वर्षी .२७० होऊ शकतं, खेळ तोच असून. वॉकचं प्रमाण इतकं हेलकावत नाही. एप्रिलच्या अ‍ॅव्हरेजवरून कोणाला डोक्यावर घेऊ नका, पण एप्रिलमध्ये कोणी अचानक दुप्पट वॉक घेऊ लागला असेल तर लक्ष ठेवा.

दुसऱ्या बाजूने, सगळ्यांनी संयम आणि होम रनचाच ध्यास घेतल्यावर खेळाचं काय होतं तेही दिसलं. २०२४ मध्ये मेजर लीगचं एकूण अ‍ॅव्हरेज .२४३ होतं, २००० मध्ये ते.२७० होतं. त्यात पिचर ताकदवान झाले हे मोठं कारण, पण स्ट्राइकआउटची लाज न उरणं हेही आहेच. चेंडू मैदानात येईना, फील्डर नुसते उभे. अशा वेळी अराएझसारखा माणूस हवाहवासा वाटला तर नवल नाही.

अ‍ॅव्हरेजमध्येही नाही आणि ओबीपीमध्येही नाही, असा संयमाचा काही फायदा आहे?

आहे. पिचरचे चेंडू संपतात. २२ एप्रिल २०१८ ला जायंट्सचा ब्रँडन बेल्ट एंजल्सच्या हाइमे बारियासमोर एकाच खेपेत २१ चेंडू खेळला, फाउलवर फाउल (रेषेबाहेरचे फटके). शेवटी उजव्या बाजूला झेल देऊन आउट झाला. दोन्ही रकान्यांत शून्य. पण बारियाचा सगळा दम पहिल्याच इनिंगमध्ये निघाला आणि त्याला लवकरच मैदान सोडावं लागलं.

यंत्राने स्ट्राइक ठरवायला लागल्यावर काय बदलेल?

२०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये पिचर, कॅचर किंवा बॅटर अंपायरच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतात आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा निवाडा करते. संघाला दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. कोरियात तर २०२४ पासून सगळेच चेंडू यंत्र ठरवतं. ज्याचा डोळा पक्का त्याचा यात फायदा, हे उघड आहे. कॅचरने ग्लव्ह हळूच आत ओढून बॉलचा स्ट्राइक करून घेण्याची कला मात्र थोडी स्वस्त होईल.

माझी मुलगी इथल्या लहान मुलांच्या लीगमध्ये खेळते. कोच सारखा “वॉक घे” म्हणतो. ऐकावं का?

नऊ-दहा वर्षांच्या पिचरला झोन सापडत नाही. तिथे न हलता उभं राहिलं तरी वॉक मिळतो, ओबीपी झकास दिसतो, आणि पोर बॅट फिरवायला शिकतच नाही. दोन वर्षांनी समोरचा पिचर स्ट्राइक टाकू लागला की पंचाईत. या वयात तिला मारू द्या. कुठला चेंडू आवडतो हे मारल्याशिवाय कळत नाही, आणि आवड कळल्याशिवाय सोडायचं काय?

पुण्यात बसून हे सगळं बघायचं तर कधी?

न्यू यॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, लॉस एंजेलिसचा सकाळी साडेसातला, म्हणजे चहाच्या वेळी. पहाटेचा सामना सहा वाजता लावलात तर आधी पिचरच्या नावाशेजारचा चेंडूंचा आकडा बघा. चौथ्या इनिंगमध्येच तो ऐंशीच्या घरात असेल, तर समोरच्या संघाने तुमच्या झोपेत हिट काढले नसले तरी चेंडू भरपूर सोडले आहेत.